काकांच्या नावावरचा लेख कुणी टाकला?

प्रश्न : १९९७ मध्ये काका अमेरिकेत शिकत असताना युझनेटच्या (सर्व्हरांनी एकमेकांना लेख धाडून चालवलेल्या चर्चागटांच्या जाळ्याच्या) ‘सोक.कल्चर.इंडियन.मराठी’ गटात त्यांच्या नावाने एक शिवराळ लेख आला होता. त्याचं प्रिंटआउट सापडलं. काका म्हणतात, तो मी नव्हेच. वर ‘पाथ’ या ओळीत उद्गारचिन्हांनी जोडलेली बरीच नावं आहेत. त्यावरून काही कळेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : थोडंफार कळेल. ‘फ्रॉम’ची ओळ आधी बाजूला ठेवा. तिथे कुणीही कुणाचंही नाव घालावं, सर्व्हर सहसा शहानिशा करत नसत.

पाथचं तसं नाही. लेख हाती आला की प्रत्येक सर्व्हर आपलं नाव डाव्या टोकाला जोडतो, आणि ज्या शेजाऱ्याचं नाव ओळीत आधीच आहे त्याच्याकडे लेख पुन्हा धाडत नाही. त्यामुळे प्रवास वाचायचा तो उजवीकडून. शेवटचं ‘नॉट-फॉर-मेल’ हे मशीनचं नाव नव्हे. मशीनं बहुधा फोनवरून एकमेकांना फायली देत, त्या यूयूसीपीच्या जमान्यात याच मार्गाने लेखकाला उलट मेल जाई. आता तसं करू नका, एवढंच ते सांगतं.

गोम अशी की उजवीकडची नावं पाठवणाऱ्याला आधीच भरून देता येत. हे नेहमी लबाडीनेच होई असंही नाही. स्पॅम रद्द करणारी मंडळी आपल्या रद्द करण्याच्या संदेशांच्या पाथमध्ये मुद्दाम ‘सायबरस्पॅम’ हे खोटं नाव घालत. ज्याला हे संदेश नको असत, तो सर्व्हर तेच आपलं टोपणनाव ठरवी, की शेजारी ते त्याच्याकडे पाठवतच नसत.

म्हणून एका प्रिंटआउटवर भागणार नाही. त्याच मेसेज-आयडीची (म्हणजे लेखाच्या स्वतंत्र ओळखखुणेची) दुसऱ्या सर्व्हरवरून आलेली प्रत मिळवा आणि दोन्ही पाथ एकाखाली एक लिहा. डावीकडे वाट वेगळी दिसेल, मग एका नावापाशी दोन्ही मिळतील. लेख त्या सर्व्हरवर किंवा त्याच्याही उजवीकडे कुठेतरी शिरला. त्यापुढची नावं दोन्हीकडे सारखीच असणार, तेव्हा ती खरी की भरलेली, हे या ताळ्यातून ठरत नाही.

‘एनएनटीपी-पोस्टिंग-होस्ट’ ही ओळ असेल तर ती आधी पाहा. लेख स्वीकारणारा सर्व्हर त्यात पाठवणाऱ्या मशीनचं नाव किंवा आयपी नोंदवी. मात्र युझनेटच्या लेखांचा साचा ठरवणाऱ्या १९८७च्या आरएफसी १०३६ या दस्तऐवजात ही ओळ नव्हतीच, ज्याने त्याने आपल्या मनाने सुरू केलेली. नोव्हेंबर २००९च्या आरएफसी ५५३६ ने तिच्या जागी ‘इंजेक्शन-इन्फो’ आणली, आणि लेख कुठे शिरला ते दाखवायला पाथमध्ये ‘.पोस्टेड’ची खूण आली. तुमच्या १९९७च्या कागदावर या दोन नव्या गोष्टी नसणार.

काका तेव्हा विद्यापीठाच्या लॅबमधून लॉगिन करत असतील आणि होस्ट त्याच लॅबमधला निघाला, तरी त्या खुर्चीत कोण बसलं होतं ते हेडर, म्हणजे लेखाच्या वरच्या या ओळी, सांगत नाही. होस्ट भलत्याच गावचा निघाला, तर मात्र काकांची बाजू बरीच भक्कम होईल.