शाळेत खत करायचंय? आधी पाला साठवा

सर, जूनमध्ये शाळा उघडली की लगेच खतपिंप सुरू करू नका. ठाण्याच्या पावसात सुका पाला मिळत नाही, नुसतं ओलं कुजून वास मारतं. फेब्रुवारी-मार्चची पानगळ पोत्यांत भरून ठेवा. २०० लिटरच्या पिंपाला चहूबाजूंनी अर्ध्या इंचाची भोकं पाडा, तळाशी विटांचे तुकडे घाला. एक बादली ओल्या कचऱ्याला दोन बादल्या पाला, वर थोडं आंबट ताक. पोषण आहारातली उरलेली खिचडी अगदी थोडी घाला, तिचा गोळा होऊन हवा अडते. मिश्रण मुठीत दाबून पाहा: पाणी ठिबकलं तर पाला वाढवा, भुगा सुटला तर पाणी शिंपडा. आठवड्यातून दोनदा ढवळायचं काम मुलांचं, हातमोजे घालून. दिवाळीच्या सुटीत कोण बघणार, हे शिपाईकाकांशी आधीच बोलून घ्या. बहुतेक पिंपं तिथेच बंद पडतात.