सोनी आरएक्स१०० वापरलेला घ्यायचा आहे: मार्क १, ३, ५ए की ६?

मार्क ३ घ्या. (आरएक्स१०० म्हणजे सोनीचा खिशात मावणारा कॅमेरा, मार्क म्हणजे त्याची आवृत्ती.) घरचे समारंभ, गणपतीची मिरवणूक, अधूनमधून एखादा गड आणि बजेट फार ताणायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याला मार्क ३ बरोबर बसतो. माझ्याकडे बरीच वर्षं तोच आहे आणि ओळखीतल्या लोकांसोबत इतर मार्क बघायलाही मी जात असतो.

सगळा खेळ लेन्सचा आहे. २०१२ चा पहिला आणि २०१३ चा दुसरा, दोघांनाही २८-१०० मिमीची लेन्स आहे (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितका झूम लांब). झूम न करता अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ/१.८ मिळतं (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), पण पूर्ण झूम केलं की ते ४.९ वर येतं. २०१४ च्या मार्क ३ ला २४-७० ची लेन्स आली आणि ती पूर्ण झूमलाही २.८ वर थांबते. म्हणजे पहिल्याचा झूम थोडा लांब जातो खरा, पण आपापल्या टोकाला मार्क ३ मध्ये जवळजवळ तिप्पट उजेड येतो. जुन्या वाड्याच्या माजघरात एका ट्यूबलाइटखाली मंगळागौर चालू असेल, तर पहिल्याला जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो खरखरीत होतो) ६४०० लागेल तिथे याचं २००० च्या आसपास भागतं. साडीचा काठ, नथीचे मोती नीट दिसतात, नुसता रंगांचा लगदा होत नाही. शिवाय २४ मिमीमुळे खोली लहान असली तरी फेर धरलेल्या सगळ्या जणी फ्रेममध्ये मावतात.

दुसरी गोष्ट व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. तो मार्क ३ पासून आला, पहिल्या दोघांत नाही. विसर्जनाच्या दिवशी सकाळी मंडईतून मिरवणूक निघते तेव्हा ऊन पडलं असेल तर मागच्या स्क्रीनवर काही म्हणता काही दिसत नाही. त्या गर्दीत डोळ्याला लावलेला कॅमेरा हातात स्थिरही राहतो.

मार्क ४ चा विचार सोडा. त्याचा फायदा मुख्यतः व्हिडिओला आहे आणि त्यातही फोर-के एका वेळी पाचच मिनिटं.

मार्क ५ए मात्र मोहात पाडेल, आणि ते बरोबरही आहे. लेन्स मार्क ३ चीच, पण फोकस फेज डिटेक्शनचा (मागेपुढे न शोधता थेट नेम धरणारा), ३१५ पॉइंटांचा. पथकातला ध्वज नाचवणारा पोरगा उडी घेतो तेव्हा मार्क ३ कधी कधी पुढेमागे शोधत बसतो, ५ए पटकन धरतो. घरात पळणारं लहान मूल असेल तर पैसे ताणून हाच घ्या. बॅटरी मात्र लवकर संपते: कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जमध्ये २२० फोटो, मार्क ३ चे ३२०. बॅटरी सगळ्यांना एकच, एनपी-बीएक्स१, त्यामुळे एक जादा घेऊन ठेवता येते. विकणारे नुसतं 'मार्क ५' म्हणतात, म्हणून मॉडेल नंबर कॅमेऱ्यावरच वाचा. एम५ २०१६ चा, एम५ए २०१८ चा.

मार्क ६ ची लेन्स २४-२०० आहे. दिवे घाटात पालखी वर चढताना समोरच्या वळणावरून दिंड्यांची रांग टिपायची असेल तर त्याच्यासारखा खिशातला कॅमेरा नाही. पण २४ मिमीलाच तो एफ/२.८ ने सुरू होतो आणि पुढे ४.५ होतो. तुमचे निम्मे फोटो घरातले आणि रात्रीचे असणार, म्हणून तुम्हाला नको.

आता मॉडेलइतकंच महत्त्वाचं म्हणजे हातात येणारा नग. या कॅमेऱ्यांची लेन्स आतबाहेर होते आणि तिच्याबरोबर हवा, हवेबरोबर धूळ आत जाते. आपल्याकडे धूळ म्हणजे गुलाल आणि जेजुरीचा भंडारा, दोन्ही अगदी बारीक. एकदा सेन्सरवर बसले की लेन्स खोलल्याशिवाय निघत नाहीत आणि ते काम स्वस्त नाही. म्हणून विकणाऱ्याला दिवसाउजेडी भेटा आणि स्वतःचं कार्ड घेऊन जा. ए मोडवर (यात अ‍ॅपर्चर आपण ठरवतो) अ‍ॅपर्चर एफ/११ करून आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, तो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघा. करडे ठिपके दर फोटोत त्याच जागी दिसले तर तो नग सोडा, कितीही स्वस्त असो.

मग एखाद्या सपाट भिंतीसमोर सरळ उभे राहा. मी शनिवारवाड्याच्या तटासमोर भेटायला सांगतो, दगडांचे सांधे त्यासाठी चांगले. २४ मिमी, एफ/२.८, आणि चारही कोपरे ताडून बघा. एकच बाजू धूसर असेल तर लेन्स आतून कलली आहे, बहुतेक वेळा पडल्यामुळे. झूम दोन-चारदा पूर्ण आतबाहेर करा, करकर ऐकू येता कामा नये. मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरपा मारून बुरशीच्या तारा दिसतात का पाहा, पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात त्या हमखास सापडतात. मार्क ३ चा व्ह्यूफाइंडर खटक्याने वर येतो, मग डोळ्याकडचा भाग हाताने बाहेर ओढावा लागतो. तो ढिला नाही ना, हेही बघून घ्या.

मेन्यू उघडून भाषा तपासा. जपानच्या बाजारातल्या नगात फक्त जपानी असते, ती बदलता येत नाही. बिलावरचा सिरीयल नंबर कॅमेऱ्याशी जुळवा, आणि हे सगळं होईपर्यंत टोकन म्हणूनसुद्धा पैसे पाठवू नका.