वाचकांचे प्रश्न : झुडूपबेडकाची अंडी पाण्यात सोडावीत का?

प्रश्न : जुलैमध्ये आंबोलीच्या जंगलात कमरेएवढ्या झुडपाच्या पानावर पारदर्शक आवरणातली दहा-बारा अंडी दिसली. खाली डबके नव्हते. ती पाण्यात सोडायला हवी होती का?

उत्तर : नाही. ती जागच्या जागी राहू दिलीत, हे फार चांगले केलेत. वर्णनावरून ही झुडूपबेडकाची, म्हणजे रावऑर्केस्टिस वंशातल्या एखाद्या जातीची अंडी वाटतात. या बेडकांच्या आयुष्यात पोहणारा बेडूकमासा नसतोच. अंड्यात बलक भरपूर असतो आणि त्याच शिदोरीवर पिल्लाची सगळी वाढ आवरणाच्या आत होते. शेपूटही आतच येते, पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली. तिच्यातून श्वसन होते आणि पुढे ती आतच जिरते. साधारण तीन-चार आठवड्यांनी चार पायांचे इवलेसे पिल्लू थेट पानावर उतरते. अशी अंडी पाण्यात बुडवली तर गर्भ गुदमरतो.

त्यांना हवा असतो तो ओलावा. म्हणून फोटोसाठी पान तोडू नये; तुटलेले पान सुकते आणि त्याबरोबर अंडीही. आड येणाऱ्या वरच्या फांद्याही छाटू नयेत. पावसाने आठवडाभर उघडीप दिली तर अंडी तगतात ती त्या सावलीमुळेच. एका खेपेला अंडी शेकड्याने नसतात, त्यामुळे एक पान गेले तरी त्या जोडीचे मोठे नुकसान होते.

प्रश्न : मग पाण्यावर लोंबणारे पांढऱ्या फेसाचे घरटे कोणाचे?

उत्तर : झुडूपबेडकाचे नव्हे. आंबोलीत ते बहुधा मलबारी उडत्या बेडकाचे असते. त्याचे बेडूकमासे फेसातून खाली पाण्यात पडतात, म्हणून त्याला डबके लागतेच.

प्रश्न : रात्री झुडपांतून ‘टिक्-टिक्’ ऐकू येते, पण जवळ गेले की आवाज बंद! जात कशी ओळखावी?

उत्तर : झुडूपबेडकाची ओळख आवाजावरूनच पटवा. रंगावर विसंबू नका. एकाच जातीत तपकिरी, पिवळसर, पट्टेवाले असे सगळे नमुने सापडतात. साद घालणारा नर असतो आणि तो बहुधा दोन-तीन सेंटिमीटरचाच भरतो. बॅटरीचा झोत अंगावर पडला, फांदी हलली की तो गप्प होतो. अशा वेळी दिवा मालवा आणि पाच-दहा मिनिटे हलू नका. साद पुन्हा सुरू झाली की मीटरभर अंतरावरून किमान एक मिनिट ध्वनिमुद्रण करा. सोबत वेळ, तापमान, जमिनीपासूनची उंची आणि झुडपाचे नाव लिहून ठेवा. तापमानाची नोंद टाळू नका, कारण गारठ्यात सादेचा वेग मंदावतो आणि तुलना फसते. मुद्रित साद वाजवून नराला बोलवू नका. प्रतिस्पर्धी आला समजून तो मादीऐवजी त्या आवाजामागे ताकद घालवतो.

त्याला हातात तर घेऊच नका. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो; डास पळवणाऱ्या मलमाचा बोटांवरचा थर त्याला घातक ठरू शकतो. बेडकांच्या त्वचेला होणारा कायट्रिड बुरशीचा संसर्ग पश्चिम घाटातही आढळला आहे. म्हणून एका जंगलातून दुसऱ्यात जाताना बुटांचा चिखल ब्रशने काढून ते पूर्ण वाळवा. पावसाळ्यात बूट वाळत नसतील तर दुसरा जोड वापरा.