वाराणसीसारखी होडीतून, गाइडसोबत नाशिकच्या गोदाकाठाची सफर करता येते का?

तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच नाशिकला येणाऱ्या आईवडिलांना होडीत बसवून घाटावरची देवळं दाखवता येतील का. जुन्या घाटावर नाही जमणार. इथली गोदावरी सलग वाहत नाही. पात्रात कुंडं आहेत, आडवे दगडी सांडवे आहेत. एका टप्प्यातल्या अडलेल्या पाण्यात छोटी बोट फिरेलही, पण पुढचा सांडवा ओलांडणार कसा? मोठ्या पाण्यात बोटिंग करायचंच असेल, तर सकाळी गंगापूर धरणावरच्या बोट क्लबला जा. तिथे देवळं नाहीत, नुसतं पाणी आणि डोंगर.

देवळं मात्र पायीच बघावीत. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडावर. ऊन उतरलं की होळकर पुलाजवळच्या सुंदरनारायणापासून निघा. हे मंदिर १७५६ सालचं. पूल ओलांडून पंचवटीच्या बाजूने रामकुंडाकडे या. समोर उंचावर कपालेश्वर, ज्याच्यापुढे नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पापातून सुटायचा मार्ग नंदीने दाखवला म्हणून महादेवाने त्याला गुरू मानलं, आणि गुरूला समोर कसं बसवायचं, अशी कथा आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखत असतील तर खालूनच हात जोडा.

मग नदीतला दुतोंड्या मारुती. त्याच्यापाशी आईवडिलांना निवांत उभं राहू द्या, कारण आमच्या पुराचं माप तोच. लहानपणी पावसाळ्यात वडील घरी आले की आजीचा पहिला प्रश्न असायचा, “पाणी कुठवर आलंय?” उत्तर फुटांत नसायचं, “कमरेला”, “छातीला” एवढंच. ऑगस्ट २०१९च्या पुरात मी पुलाजवळ उभा होतो. आख्खा मारुती पाण्याखाली गेलेला. गर्दी होती, पण कुणी बोलत नव्हतं.

जवळच काळ्या दगडाचं नारोशंकराचं मंदिर. दर्शनी बाजूची मोठी घंटा चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची खूण. मोठ्या आवाजाच्या माणसाला आम्ही अजून ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो.

संध्याकाळी रामकुंडावर आरतीला थांबा. घाटाच्या फरशा ओल्या असतात, तेव्हा आईंचा हात धरून चाला. आणि जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर निघण्याआधी धरणातून विसर्ग सुरू आहे का, तेवढं बघा.