फाल्गुनात बाइकवरून मुक्कामी निघताना

पहिलीच खेप आहे ना? मग भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा धरणाभोवतीचा फेरा घे. पळस फुललेला असतो, हवा स्वच्छ असते. परीक्षा असते ती फुफाट्याची. त्याच्याखालचा दगड दिसतच नाही. कच्च्या वाटेवर फूटरेस्टवर उभा राहा, गुडघ्यांनी टाकी धर आणि हँडल आवळू नकोस. उतारावर पहिला गिअर ठेव, पुढचा ब्रेक दोनच बोटांनी, हळूहळू दाब. साम्रदच्या अलीकडे मी घाबरून तो करकचून दाबला आणि चाक असं सटकलं, की महिनाभर मनगट धरलं होतं. टायरमधली हवा चार-पाच पाउंड कमी कर, पण भरायला पंप सोबत घे.

हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. गाडी रुळलेल्या वाटेवरच ठेव आणि तंबू गावकऱ्यांना विचारून अंगणात किंवा खाचरात टाक. दुपारी घाम निघाला, तरी पहाटे दात वाजतात. कानटोपी आणि जाड पांघरूण हवंच. शेकोटी मात्र अजिबात नको. गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीने डोंगर पेटतो आणि धुराने आग्या मोहोळ उठतं ते वेगळंच. जेवण गावातल्या घरीच सांग. चुलीवरची गरम भाकरी मिळेल.