तोंडातला पांढरा थर आणि जांघेतले पुरळ

प्रश्न : माझे बाळ अडीच महिन्यांचे असून अंगावर पिते. मध्यंतरी त्याला अँटिबायोटिक द्यावे लागले. त्यानंतर त्याच्या जिभेवर व गालांच्या आतून पांढरे चट्टे आले आणि आता जांघेतही लालभडक पुरळ उठले आहे. झिंक ऑक्साइडचे मलम लावूनही ते कमी होत नाही. जिभेवरचा थर ओल्या कापडाने पुसून काढावा का?

उत्तर : पुसू नये. दुधाचा थर हलक्या हाताने सहज निघतो. हे चट्टे मात्र घट्ट चिकटलेले असतात आणि खरवडल्यास खालची त्वचा लाल होऊन रक्तही येते. आपल्या वर्णनावरून तोंडातले चट्टे आणि जांघेतले पुरळ या दोन्हींचे मूळ कँडिडा ही एकच बुरशी असावी. ती एरवीही शरीरावर असते, परंतु अँटिबायोटिकमुळे तिला आवर घालणारे जिवाणू कमी झाले की ती फोफावते. शी-शूच्या ओलीने होणारी साधी लाली बहुधा त्वचेच्या घड्या सोडून उठते. बुरशीची लाली घड्यांमध्येच शिरते आणि तिच्या कडेबाहेर लहान लाल पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात. झिंक ऑक्साइड ओल अडवते, बुरशी मारत नाही, म्हणून ते एकटे पुरे पडले नाही.

डॉक्टरांनी तपासून निदान पक्के केल्यावर तोंडासाठी सहसा निस्टॅटिन या बुरशीनाशकाचे थेंब दिले जातात. ते दिवसातून चार वेळा, दूध पाजून झाल्यावर चट्ट्यांवर लावावेत आणि चट्टे दिसेनासे झाल्यावरही आणखी दोन दिवस चालू ठेवावेत, कारण औषध लवकर थांबवल्यास त्रास उलटतो. मायकोनाझोल या दुसऱ्या बुरशीनाशकाची जेल घट्ट असल्याने इतक्या लहान बाळाच्या घशात अडकू शकते. घरात आधीची ट्यूब असली तरी ती स्वतःहून वापरू नये. जांघेत क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशकाचे मलम पातळ लावून त्यावर झिंक ऑक्साइडचा थर द्यावा. बुरशीनाशकासोबत स्टेरॉइड असलेली मिश्र मलमे मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नयेत, कारण डायपरखाली झाकलेल्या त्वचेतून स्टेरॉइड अधिक शोषले जाते. टाल्कम पावडरही नको. तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते. जागा साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडी करावी आणि रोज काही वेळ बाळाला डायपरविना मोकळे ठेवावे.

मध आणि टाकणखार हा जुना उपाय कोणी सुचवल्यास तो कटाक्षाने टाळावा. टाकणखाराने तान्ह्या बाळांना झटके आल्याची नोंद आहे आणि वर्षाच्या आत मध दिल्यास बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आपल्या स्तनाग्रांना आग होत असेल, ती लाल व चकचकीत दिसत असतील, तर आपल्यालाही त्याच वेळी उपचार घ्यावे लागतील. अन्यथा आईकडून बाळाला आणि बाळाकडून आईला अशी ही बुरशी फिरत राहते. दूध पाजणे मात्र थांबवू नये. चोखणी वापरत असाल तर ती रोज उकळावी.

आठवडाभरात फरक पडला नाही, पुरळात पू किंवा पाणी भरलेले फोड दिसले, किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर पुन्हा दाखवावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.