‘ट्रेन टू बुसान’मध्ये स्वार्थी योंग-सुक जवळजवळ शेवटपर्यंत कसा टिकतो?

कारण तो दर वेळी दुसऱ्याला पुढे ढकलतो. येऑन सांग-हो यांच्या या २०१६ च्या कोरियन चित्रपटात धावत्या रेल्वेत संसर्ग पसरून प्रवासी झॉम्बी होतात. हे झॉम्बी डोळ्यांनी आणि कानांनी शिकार शोधतात, पण त्यांना डब्याचं दार उघडता येत नाही. बोगद्यात अंधार झाला की ते गोंधळतात, म्हणून मोबाइलची रिंग वाजवून त्यांना भलतीकडे वळवता येतं. दार कुणासाठी उघडायचं, एवढाच प्रश्न उरतो.

योंग-सुक दार अडवायला लावतो. बाहेरचे वाचलेले लोक काच फोडून आत आले, तरी त्यांना संसर्गाच्या संशयावरून वेगळं काढतात. या उशिरापायी त्यांच्यातल्या सांग-ह्वाचा जीव जातो, आणि हे सगळं बघणारी एक म्हातारी झॉम्बी झालेल्या आपल्या बहिणीसाठी दार उघडते. तो डबाच संपतो. योंग-सुक मात्र तिथूनही निसटतो, हे मला सगळ्यात खरं वाटतं.

आता मुलीला घेऊन निघालेल्या नायकाकडे, सोक-वूकडे नीट बघा. सुरुवातीला तोही सांग-ह्वा आणि त्याच्या गरोदर बायकोच्या तोंडावर दार लावतो, मुलीला फक्त स्वतःचं बघ म्हणतो. शेवटी चावा बसल्यावर मुलीला इंजिनात सुरक्षित ठेवून, त्या गरोदर बाईला ब्रेक दाखवून तो स्वतः खाली उडी घेतो. त्याला चावणारा योंग-सुकच असतो.